धोंड्याच्या वाणात स्पीकर

२६ एप्रिल, रविवार

ही डायरी साडी मार्केटच्या शेठने दिवाळीला दिली. सहा महिने तिच्यावर तेलाचा डबा होता, म्हणून पहिल्या पानावर गोल डाग आहे. हर्षदा नेहमी म्हणते, "आई, तू बोलतेस त्याचं भांडण होतं. लिहीत जा, कागद उलटून बोलत नाही." मी चौथी पास, तीही मास्तर दयाळू होते म्हणून. पण आज लिहायला बसले, कारण आज माझ्या तोंडाने मला पार खड्ड्यात नेऊन घातलं.

झालं असं. मोठ्या जाऊच्या, धुरपदाबाईच्या, नातवाचं जाऊळ होतं चलथाणला. यंदा ज्येष्ठ महिने दोन आलेत, म्हणजे मे-जूनमध्ये धोंड्याचा महिना. पंगतीत त्याच गप्पा. कोण जावयाला काय देणार. धुरपदाबाई वाढता वाढता थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्ही त जवाईले बुलेट दी राहिनूत. तू काय देशी वं कुंदन? अनारसा?"

बायका हसल्या. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "माझ्या जावयाने फक्त तोंड उघडावं. मागतील ते देईन. भाऊबंदांसमोर सांगते."

मला वाटलं तो तोंड उघडणारच नाही. गजेंद्रचं आणि हर्षदाचं लग्न होऊन वर्ष झालं. वर्षभरात आमच्या घरात त्याने तोंड उघडलं ते घास घालायला. साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवतो, दिवसभर टाके मोजतो, त्यामुळे शब्दही मोजून काढत असेल. आज मात्र पापडावर हात ठेवून म्हणाला, "मम्मी, स्पीकर चालतील."

पंगत खो खो. धुरपदाबाईच्या नाकात ताक गेलं. मीपण हसले. म्हटलं, "एवढंच? घ्या, दोन घ्या."

"दोनच लागतात," तो म्हणाला.

हात धुताना हर्षदाने माझा दंड चिमटला. "आई, ते कसले स्पीकर ऐकतात माहीत आहे का तुला? बुलेट स्वस्त पडली असती."

तोंड बंद ठेवायचं ठरवलं आहे. निदान झोपेपर्यंत.

२८ एप्रिल

जावयाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. काळे, उंच, सडपातळ, माझ्या खांद्याला येतील एवढे दोन खोके. एकेकाला चार गोल डोळे, एकाखाली एक. वर काही झाकण नाही, कापड नाही, सगळं उघडंबोडकं. खाली इंग्रजीत नाव.

बन्सीलालला दाखवला. (नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण इथे कोण वाचतंय? बन्सीलाल, बन्सीलाल, बन्सीलाल. झालं.) हा माणूस पलसाण्याच्या मिलमधून येतो, दारातल्या खुर्चीत बसतो आणि मोबाइलमध्ये जातो. घरात खुर्ची तेवढी एकच. मी साड्यांच्या गाठोड्यावर बसते, मऊ असतं. त्याने फोटो मोठा केला, लहान केला, उलटा केला.

"हाई काय शे? जुडवा भाऊ?"

मी म्हटलं, जावयाचे स्पीकर. त्याने किंमत शोधून काढली आणि मोबाइल माझ्या हातात देऊन पाणी प्यायला गेला. किंमत इथे लिहीत नाही, हात थांबेल. माझी भिशी लागायची आहे, त्यात पाटल्या करणार होते. नाही करणार. शब्द दिला तो दिला.

३ मे, रविवार

घोडदोड रोडच्या दुकानात गेलो. जावयाचा फोटो तिथलाच. चपला बाहेर काढा म्हणाले. आत एसी एवढा की बन्सीलालचे दात वाजले. भिंतींना गाद्या चिकटवल्यात. तो माझ्या कानात म्हणतो, "आठे मुडदा ठेवतस का?"

दुकानवाला पोरगा चांगला, चिंतनभाई नाव. "आवो मासी, आवो काका. क्या सुनना पसंद करते हो?"

"सुनना नहीं है, लेना है."

"सुनेंगे तो लेंगे ना."

मग त्याने मला सोफ्याच्या बरोबर मधोमध बसवलं. दोनदा सरकवलं. थोडं डावीकडे, थोडं मागे, मान सरळ. लग्नात फोटोवाल्याने एवढं केलं नव्हतं. आणि एक परदेशी बाई लावली. म्हणतो, "मासी, ध्यान दो, गाने से पहले सांस लेती है, वो भी सुनाई देता है."

"सर्दी हुई है उसको."

मग पाणी ठिबकायचा आवाज लावला. टप. टप. काय म्हणे, थेंब न थेंब वेगळा ऐकू येतो. एवढे पैसे घालून नळ गळताना ऐकायचा? आमच्या नवागामात नळाला पाणी येत नाही, गळणार कुठून?

बन्सीलाल माझ्या बाजूला बसला होता. तो सारखी मान वाकडी करत होता. "माले त डावा डबामाईनच आयकू येस."

चिंतनभाई हसला. "काका, आप बीच में नहीं हो ना. ये सिंगल सीट का साउंड है. बीच में जो बैठा, उसी को पूरा मिलता है."

बन्सीलाल म्हणाला, मग मी चहा पिऊन येतो. आणि गेला.

मी उठणार होते. पण त्या पोराने आपली एक जुनी ठुमरी लावली आणि बाई समोर येऊन उभी राहिली. खरंच. डब्यातून आवाज येतच नव्हता. समोर टेबलावर पाण्याचा जग होता, त्याच्या थोडी अलीकडे ती उभी. तिच्या बांगड्या वाजल्या. मी उठून जगामागे जाऊन बघून आले, कोणी नव्हतं. परत येऊन बसले तर पुन्हा उभी. माझ्यासाठीच आल्यासारखी.

चिंतनभाई म्हणाला, "मासी, खाने का टाइम हो गया, दुकान बंद करता हूं."

मी म्हटलं, "करशील रे. बसू दे थोडं." एसीने डोळ्यांतून पाणी येत होतं.

५ मे

हर्षदाचा फोन. रोज रात्री आठला येतो, मी पोळ्या लाटत असते तेव्हाच. आज विचारलं, "तुला दुसरी वेळ सापडत नाही का? आणि कुजबुजतेस काय? चोरी केलीस?"

"हे ऐकताहेत ना."

"मला?"

"नाही गं. गाणी. आठ ते दहा ऐकतात. आवाज झाला तर त्यांना त्रास होतो."

"मग तू काय करतेस आठ ते दहा?"

"तुला फोन करते," ती म्हणाली.

मी पोळी उलटली. तेवढ्यात ती करपली.

१० मे, रविवार

खोलीचं माप घ्यायचं म्हणून परवत पाटियाला पोरीच्या फ्लॅटवर गेले. चिंतनभाईने सांगितलं होतं, खोली केवढी ते बघून या. खरं तर मला खोलीच बघायची होती.

दोन खोल्या आणि किचन. त्यातली मोठी खोली गाण्यांची. पलंग लहान खोलीत कोंबलाय, कपाट उघडायचं तर पलंगावर चढावं लागतं. मोठ्या खोलीत जुने स्पीकर, एक मशीन, आणि मधोमध एक खुर्ची. एकच. जमिनीवर पांढऱ्या टेपच्या फुल्या. स्पीकरच्या कोपऱ्यांना फुल्या आणि खुर्चीच्या चारही पायांना फुल्या. मला वाटलं कोणी करणी केली.

मी दमले होते, बसले खुर्चीत. जावई दारातून धावत आला. "मम्मी, बसा, बसा. फक्त हलवू नका. अर्धा इंच सरकली तरी सगळं जातं."

"काय जातं?"

त्याने हात हवेत फिरवले. सांगता येईना बिचाऱ्याला. वाईट मुलगा नाही हो तो. दारू नाही, गुटखा नाही, पगार हर्षदाच्या हातात देतो, मला चहा स्वतः करून दिला. पण आठ वाजले. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि गेला. बन्सीलाल मोबाइलमध्ये जातो तसा, फक्त हा ताठ बसून जातो.

हर्षदा किचनच्या ओट्यापाशी खाली पाटावर बसून भेंडी चिरत होती. सुरी फळीवर वाजू नये म्हणून खाली कापड घातलेलं. दूध उतू जायला लागलं तर झटकन उठून गॅस बंद केला, पण बडबड नाही, पातेलं आपटणं नाही. ही माझी पोरगी. शाळेत असताना हिचा आवाज दिंडोलीच्या फाटकापर्यंत जायचा.

मी म्हटलं, "तू का बसत नाहीस आत?"

"कुठे बसू? जागा एकच आहे. एकदा जमिनीवर बसले होते. म्हणाले, तिथून काही कळणार नाही तुला."

"मग?"

"मग काही नाही, आई. सगळ्यांच्या घरी असंच काहीतरी असतं. तुझ्या घरी नाही का?"

मला काय असणार? मी कामात असते.

रिक्षात बसल्यावर हिशेब लागला. मी पाटल्यांचे पैसे घालून माझ्या पोरीला किचनमध्ये अजून पक्कं बसवायला निघाले आहे. आधी ते जुने स्पीकर होते. आता नवे, मोठे, सासूने वाजतगाजत दिलेले. मग तर कोण बोलणार? म्हणतील, तुझ्या आईनेच दिलेत.

११ मे

धुरपदाबाईचा फोन. कोणी विचारलं नव्हतं. "कुंदन, मी काय सांगस, धोंडाना वाणले जाळी लागस. अनारसाले जाळी, बत्तासाले जाळी. तुन्हा स्पीकरले जाळी शे का?"

मी फोटो बघितला. नाही. चार डोळे सताड उघडे.

म्हटलं, "आणि तुझ्या बुलेटला कुठे आहे जाळी?"

ती म्हणाली, सायलेन्सरला भोक आहे. फोन ठेवला मी.

पण तिचं खरं आहे. जाळीशिवाय वाण कसलं? बुलेटवालीने काही करावं, मी पोरीचं वाण असं नाही देणार.

१४ मे

आज दुकानात एकटी नाही गेले. माझ्याकडे धागा कटिंगला, साड्यांचे लोंबते धागे कापायला, पाच बायका येतात, त्यांना म्हटलं, आज साड्या राहू द्या, चला. सरस्वती परभणीकडची, ती म्हणाली, "अवो ताई, एसी हाय का तिथं? मग कानातलं घालून येते."

सहा जणींच्या चपला बाहेर. चिंतनभाईचं तोंड बघण्यासारखं झालं.

मी सरळ विचारलं, "असा स्पीकर दे ज्याच्यापुढे दोन जण बसतील. आणि जाळी पाहिजे."

त्याला जाळीचं समजेना. समजावलं. म्हणतो, "मासी, आपके दामाद तो जाली निकाल के सुनते होंगे. जाली से साउंड दब जाता है."

"और दो जन?"

तो डोकं खाजवायला लागला. दोघांना सारखं द्यायचं तर आवाज पसरतो. पसरला की धार जाते. गाणारी बाई जगाच्या बाजूला नेमकी उभी राहत नाही, खोलीभर होते. "आपके दामाद को धार चाहिए, मासी."

"धार पाहिजे तर त्याला कात्री देते. माझ्याकडे सहा आहेत."

बायका हसल्या. चिंतनभाईपण हसला आणि मग कोपऱ्यातल्या एका जोडीवरचा कपडा ओढला. गोल, राखाडी, जाडजूड. सिमेंटचा पाइप उभा केल्यासारखा. आत भोंगे छताकडे तोंड करून, आणि वरपासून कमरेपर्यंत चहूबाजूंनी बारीक जाळी. म्हणाला, दोन वर्षं पडून आहे, कोणी घेत नाही, दिसायला असा. आवाज वर फेकतो आणि चारही बाजूंना सोडतो.

मी म्हटलं, लाव.

बायकांना मी कुठे कुठे बसवलं. एक सोफ्यावर, एक दाराशी, एक स्पीकरच्या मागे, सरस्वती खाली मांडी घालून. "ओरडून सांगा काय ऐकू येतं."

"पेटी!"

"मलापन पेटी!"

"हिकडं तबला बी हाय!"

मी चालत राहिले. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कुठेही गेलं तरी गाणं होतंच. पहिल्या जोडीसारखं अंगावर काटा आणणारं नव्हतं, खरं सांगते. ती बाई समोर उभी राहिली नाही. मी जगाकडे बघितलंसुद्धा. पण सरस्वती म्हणाली, "ताई, हे कसं, कीर्तनात बसल्यावानी हाय. कुटं बी बसा."

चिंतनभाई हळूच म्हणाला, "मासी, सोच लो. दामाद गुस्सा होगा."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

पहिली जोडी एकदा लावायला सांगितली. बायकांना बाहेर चहाला पाठवून. ठुमरी पूर्ण ऐकली आणि मग निघाले.

१७ मे, रविवार

धोंड्याचा महिना लागला. काही लिहावंसं वाटत नाही. हर्षदाला फोनवर म्हटलं, दुसरे बघते आहे. ती कुजबुजतच ओरडली, "आई, नको! त्यांनी फोटो दिलाय तेच घे. दोन वर्षांपासून स्वप्न आहे त्यांचं. तू मध्ये पडू नकोस."

"मी तुझ्यासाठी करते आहे."

"मी सांगितलं का तुला?"

नाही सांगितलं. आमच्यात कोण सांगतं?

२४ मे

भिशी लागली आणि घेतले. पाइपवाले.

सकाळपासून तीनदा वाटलं, चुकतेय. पंगतीत मी म्हटलं होतं, मागतील ते देईन, आणि आता देतेय मला पटेल ते. हे सासूचं काम नव्हे, हा तर सासुरवास. जावई भडकला तर बोलणार नाही, तो बोलतच नाही. पोरीवर काढेल. किंवा तेही नाही, नुसता अजून आत जाईल. ते जास्त वाईट. मारणाऱ्याचा हात धरता येतो. डोळे मिटून बसलेल्याचं काय धरायचं?

बन्सीलालला विचारलं, "बरोबर केलं का?"

"हां," तो म्हणाला. मोबाइलमधून. मी मुद्दाम विचारलं, "तुम्हाला विकून टाकू का?" तरी "हां".

७ जून, रविवार

वाण झालं.

टेम्पोतून दोन खोकी गल्लीत उतरली तर अख्खं नवागाम जमा. फ्रिज आला का, फ्रिज आला का. चौघांनी वर चढवले. धुरपदाबाई सकाळपासून हजर, मांडीवर नातू, तोंडात पान. मी पुरणाचे धोंडे केले होते, अनारसे केले होते तेहतीस, त्यातले दोन तुटले, ते मीच खाल्ले आणि दोन परत तळले. हर्षदा-गजेंद्रला पाटावर बसवलं. दिवा ओवाळला. दोन्ही खोक्यांना कुंकू लावलं.

जावयाने खोक्यावरचं नाव वाचलं. परत वाचलं. चिकटपट्टी कापून आत हात घातला. त्याच्या बोटांना जाळी लागली.

"मम्मी, हे ते नाहीत."

"माहीत आहे."

"दुकानवाल्याने चुकीचे दिले."

"नाही. मी बदलले."

धुरपदाबाईने पान चघळायचं थांबवलं. एवढी मजा तिला बुलेटमध्ये आली नसेल.

ठरवलं होतं, नीट सांगेन. गोड शब्दांत. पण मला येतात का गोड शब्द? मी म्हटलं, "जावई, तुमचे स्पीकर मी तासभर ऐकले. फार चांगले आहेत. रडवलं मला. पण त्यांच्यापुढे एकच माणूस बसतो. मी पोरगी दिली ती किचनमध्ये बसायला नाही दिली. तुम्ही आठ ते दहा गाणी ऐकता आणि ती कापडावर भेंडी चिरते, सुरीचा आवाज होऊ नये म्हणून. बघितलं का कधी? डोळे मिटलेले असतात तुमचे, कसं बघाल? ह्यांच्यापुढे कुठेही बसलं तरी चालतं. जाळी आहे, वाणाला चालतात. घ्यायचे तर घ्या."

बन्सीलालने मोबाइल खिशात ठेवला. मी तर पहिल्यांदा बघितलं.

जावयाचे कान लाल झाले. हर्षदाकडे बघितलं त्याने. "तू सांगितलंस मम्मीला?"

"मी काही नाही सांगितलं!" हर्षदा उठली. "आई, काय हे? सगळ्यांसमोर? मी कधी तक्रार केली? एका शब्दाने केली का?"

"तेच म्हणते ना मी. का नाही केलीस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने तोंड फिरवलं. धोंडा अर्धाच खाल्ला दोघांनी. खोकी परत टेम्पोत. वाण परत करत नाहीत म्हणून नेली, एवढंच. पाया पडून गेला पोरगा. पाया पडला तेच जास्त लागलं.

धुरपदाबाई जाताना म्हणाली, "कुंदन, तुन्ही जीभ म्हंजे आरी शे वं."



११ जून

चार दिवस आठचा फोन नाही. मी केला तर हर्षदा म्हणते, "कामात आहे." आवाज सपाट.

दुपारी चिंतनभाईचा फोन. "मासी, आपके दामाद आए थे." बदलून मिळतील का विचारत होता. वरचे पैसे स्वतः घालीन म्हणाला. चिंतनभाईने सांगितलं, सोमवारपर्यंत खोकी आणा, करून देतो. "मासी, मैंने मना नहीं किया. सॉरी, हां?"

मी म्हटलं, तुझा काय दोष? धंदा आहे.

म्हणजे येणार ते काळे जुडवा भाऊ. आणि खुर्ची, आणि फुल्या. माझ्या पाटल्या गेल्या, दिलेला शब्द गेला, पोरगीपण रुसली, आणि एवढं करून ती पाटावरच बसणार. गप्प बसले असते तर निदान फोन तरी आला असता.

कटिंगच्या सहा साड्यांतली एक आज मी धाग्याबरोबर कापली. भरून द्यावी लागेल.

१५ जून, सोमवार

आज धोंड्याचा महिना संपला. सकाळी ठरवलं होतं, जाऊन जावयाची माफी मागायची. साडी बदलली, चप्पल घातली, आणि फोन वाजला. हर्षदा. सकाळी, भर दहा वाजता.

"आई, तुझ्या जावयाला सांग!"

कुजबूज नाही. मी फोन कानापासून लांब धरला, एवढा आवाज.

"काय झालं? मारलं?"

"मारतंय कोण! माझं गाणं लावू देत नाहीत!"

मी गाठोड्यावर बसले. म्हटलं, पहिल्यापासून सांग.

काल रात्री जावयाने पाइपवाले खोलून लावले. बदलायच्या आधी हर्षदाला दाखवायला, की तुझ्या आईने कसला कचरा घेतलाय. खुर्ची फुल्यांवर ठेवली, बसला, म्हणाला, बघ, ह्याला बसायची नेमकी जागाच नाही, सगळं पसरलंय. हर्षदा दारात उभी होती. ती म्हणाली, मला तर इथून छान ऐकू येतंय. तो म्हणाला, शक्यच नाही. तिने म्हटलं, या इकडे, बघा. तो उठून दारात आला. मग म्हणाला, तू खिडकीपाशी जा, तिथून सांग. ती खिडकीपाशी गेली. मग तो कोपऱ्यात, ती स्पीकरमागे. अशी दोघं खोलीभर फिरली, एकमेकांना ओरडून सांगत. मध्ये खुर्ची सारखी पायात येत होती. ती त्याने स्वतःच उचलून गॅलरीत टाकली.

"आणि आज सुट्टी घेतली त्यांनी, परत करायला नेणार म्हणून," हर्षदा म्हणाली. "मी म्हटलं, नेऊन तर दाखवा. माझ्या आईने मला दिलेत. वाणाला दिलेली वस्तू आहे. तर म्हणाले, बरं, राहू दे, पण मग ह्याच्यावर गाणी मी सांगेन ती. म्हटलं, का? मी हळदीचं गाणं लावलं, अहिराणी, तर बंद केलं! म्हणे रेकॉर्डिंग खराब आहे!"

मागून जावयाचा आवाज. "अगं खराबच आहे ते! डबक्यात बसून रेकॉर्ड केलंय!"

"तुमची ती नाकात गाणारी बाई चालते होय?"

"ती नाकात गात नाही!"

"नाकातच गाते! आईसुद्धा म्हणाली, सर्दी झालीय तिला!"

"मम्मींना काय कळतं?"

मग हर्षदाने जो आवाज लावला, तो शाळेतला. "माझ्या आईला काय कळतं? माझ्या आईला? तिनेच ओळखलं, तुम्ही ओळखलंत का एक वर्षात?" आणि फोन कुठेतरी टाकला, ओट्यावर वाटतं, टक्कन आवाज झाला. बंद केला नाही. विसरली मला.

पुढचं दोघांचं. वर्षभराचं साचलेलं. भेंडी आली, पलंग आला, त्याच्या आईने लग्नात दिलेली साडी आली. वर्षभर मुका वाटलेला माझा जावई असा बोलायला लागला की थांबेना. रडलाही थोडा, मला वाटतं. मग परत भांडला. मध्येच कोणीतरी ते हळदीचं गाणं लावलं, आणि कोणीतरी आवाज कमी केला, आणि कोणीतरी परत वाढवला.

बन्सीलाल रात्रपाळी करून झोपला होता. तो उठून आला. "काय वं, फोन ठेव ना आते. लोकेस्नं घर शे."

मी म्हटलं, "गप बसा. ऐकू द्या."

तो उभा राहिला. खुर्चीकडे बघितलं, लांब होती. मग माझ्याजवळ गाठोड्यावर बसला, मी थोडी सरकले. फोन दोघांच्या मध्ये ठेवला. एवढा वेळ आम्ही दोघं एका गोष्टीकडे कान लावून कधी बसलो नव्हतो.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कोन जिकी राहिनं?"

म्हटलं, "अजून तरी आपली."